बॅकअप घेतला, पण रिस्टोअर करून पाहिला का?

प्रति,
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात संगणकातल्या दप्तराची तपासणी

महोदय,

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ खाली दरवर्षी पतसंस्थांचं लेखापरीक्षण होतं. रोख मोजली जाते, कर्जरोखे चाळले जातात, थकबाकीची वर्गवारी तपासली जाते. संगणकाची पाळी आली की बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न येतो : बॅकअप घेता का? मॅनेजर रजिस्टर पुढे करतात. रोजची तारीख, रोजची सही. लेखापरीक्षक टिकमार्क करतात आणि चहा येतो. अशा संस्थांचे जुने डेटाबेस दुरुस्त करण्यावर माझं पोट आहे, त्यामुळे त्या टिकमार्कच्या मागे काय असतं ते मला पाहावं लागतं. माझी मागणी एवढीच की हा प्रश्न बदलावा. शेवटचा बॅकअप रिस्टोअर करून कधी पाहिला आणि त्यातून निघालेली तेरीज जुळली का, असं विचारलं जावं.

हे पत्र रिझर्व्ह बँकेला न लिहिता आपल्याला लिहितो, याला कारण आहे. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि २०१९ च्या अखेरीस ती वाढवली. ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षणही बँकांच्या ठेवीदारांना आहे. पतसंस्थेच्या ठेवीदाराला या दोन्हींपैकी काहीच नाही. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली, त्यातही नागरी आणि ग्रामीण बिगरशेती पतसंस्था बसत नाहीत. पिग्मी भरणाऱ्या भाजीवाल्या बाईच्या पैशाचा हिशेब ज्या संगणकात आहे, त्याकडे वर्षातून एकदा अधिकाराने पाहणारा माणूस म्हणजे आपला लेखापरीक्षक.

तो संगणक कसा असतो, हे थोडं सांगतो. संस्थेने पंधरा-वीस वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. खाली मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, बहुधा त्याची फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती. २००५ सालच्या आवृत्तीचा कंपनीचा आधार १२ एप्रिल २०१६ ला संपला, २००८ आणि २००८ आर-२ चा ९ जुलै २०१९ ला. तरी डे-एंड होतं, व्याज पडतं, पासबुक छापलं जातं, म्हणून कोणी हात लावत नाही. मला हे फारसं गैरही वाटत नाही. तक्त्यांमध्ये माहिती ठेवायची ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली आणि अजून तिच्यावर जगाचे हिशेब चालतात. डेटाबेस वयाने सडत नाही. तो सडतो देखभाल थांबल्याने, किंवा देखभाल चालू आहे असं सगळ्यांना वाटत राहिल्याने.

एका तालुक्याच्या गावच्या संस्थेतलं उदाहरण देतो. तक्रार साधी होती : संध्याकाळी डे-एंडनंतर ‘काहीतरी एरर येते’, बाकी सगळं व्यवस्थित. एक्स्प्रेस आवृत्तीत वेळ लावून कामं करणारा एजंट नसतो, म्हणून सॉफ्टवेअरवाल्याने विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक बॅच फाइल लावून दिली होती. ती आधी इंडेक्स नव्याने बांधायची, मग बॅकअप घेऊन पेन ड्राइव्हवर टाकायची. पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात भराभर अक्षरं धावायची आणि ती आपोआप मिटायची. खिडकी मिटली म्हणजे बॅकअप झाला, हे क्लार्कला शिकवलेलं होतं. खिडकी मिटली की क्लार्कबाई रजिस्टरवर सही करत. त्यांचा यात काडीचा दोष नव्हता.

ती बॅच फाइल मी हाताने चालवली, म्हणजे खिडकी मिटणार नाही. इंडेक्स बांधण्याचं काम मधेच थांबत होतं आणि कारण स्वच्छ लिहून येत होतं : एरर ८२४. पान डिस्कवरून वाचलं, पण त्यावरची बेरीज जुळत नाही, असा त्याचा अर्थ. एसक्यूएल सर्व्हर माहिती आठ किलोबाइटच्या पानांत ठेवतो. पान लिहिताना त्यावर एक चेकसम मांडतो आणि वाचताना ती पुन्हा करून पाहतो. फरक निघाला की ८२४. मात्र ही सोय २००५ पासून तयार झालेल्या डेटाबेसमध्येच आपोआप चालू असते. २००० च्या काळापासून ओढत आणलेल्या डेटाबेसमध्ये जुनीच सेटिंग तशीच राहते आणि पान बिघडलं तरी सर्व्हर ते बहुधा निमूट वाचून दाखवतो. आपल्याकडच्या पुष्कळ संस्थांचा डेटाबेस असा ओढत आणलेला आहे. बदल एका ओळीच्या आदेशाने होतो, पण तोही लगेच सगळ्या पानांना लागत नाही. जे पान पुढे कधी लिहिलं जाईल, त्यालाच चेकसम मिळते.

बिघाड कधीपासून, हे शोधायला सर्व्हरचा एरर लॉग उघडला. सर्व्हर चालू होताना दरवेळी नवा लॉग सुरू करतो आणि जुने फक्त सहा ठेवतो. हे ऑफिस रोज रात्री संगणक बंद करतं. म्हणजे हातात इतिहास आठवडाभराचा. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये मात्र दिवाळीच्या सुमारास ८२५ क्रमांकाची नोंद सापडली. ८२५ म्हणजे पान पहिल्या खेपेला नीट वाचता आलं नाही, पुन्हा प्रयत्न केल्यावर आलं. डिस्क जाणार, याची इतकी स्पष्ट सूचना दुसरी नाही. पण मायक्रोसॉफ्टने तिची गणना नुसत्या माहितीच्या संदेशांत केली आहे, त्यामुळे ती कुठेही लाल होऊन दिसत नाही. दिवाळीत कोणी ती वाचली असती तर तीन हजारांच्या डिस्कवर काम भागलं असतं.

मग चेकडीबी चालवला. डीबीसीसी चेकडीबी हा आदेश आख्खा डेटाबेस पानन् पान तपासतो आणि एक्स्प्रेसमध्येही फुकट चालतो. त्याचा अहवाल घाबरवणारा असतो. त्यात आधी पाहायचा तो इंडेक्सचा क्रमांक. क्रमांक दोन किंवा त्याहून मोठा असेल तर बिघडलेली आहे ती फक्त खतावणीच्या पुढची अनुक्रमणिका, खतावणी शाबूत आहे. तो इंडेक्स पाडून नव्याने बांधला की एकही नोंद जात नाही. क्रमांक शून्य किंवा एक असेल तर मात्र पान खुद्द खतावणीचं. या संस्थेत दोन्ही होतं. अनुक्रमणिकेचा भाग तासाभरात उरकला. उरलं व्यवहारांच्या तक्त्यातलं एक पान.

त्याच अहवालाच्या शेवटी सर्व्हर एक उपायही सुचवतो : रिपेअर अलाव डेटा लॉस. नावातच ‘डेटा लॉस’ आहे, तरी लोक तो बेधडक चालवतात, कारण चालवल्यावर एरर जाते. जाते, कारण तो बिघडलेलं पानच काढून टाकतो. एका नोंदीला दोनशे बाइट धरले तर एका पानावर चाळीसएक व्यवहार बसतात. ते गेले. आता लेखापरीक्षणाच्या दृष्टीने जे सगळ्यात वाईट, ते सांगतो. ट्रान्सफर व्हाउचरच्या जमा आणि नावे या दोन्ही नोंदी एकामागोमाग लिहिल्या जातात, त्यामुळे बहुधा त्या एकाच पानावर असतात. पान गेलं की दोन्ही बाजू एकदमच जातात. तेरीज जुळते! ताळेबंदाला काहीच कळत नाही. कळतं ते ज्याच्या कर्जखात्यात हप्ता दिसत नाही त्याला, आणि त्याच्याकडे पावती नसेल तर त्यालाही सिद्ध करता येत नाही. असा रिपेअर कोणत्या संस्थेत, कधी, कोणी केला याची नोंद संस्थेच्या कागदावर कुठेही होत नाही. सॉफ्टवेअरवाला येतो, ‘डेटा करप्ट झाला होता, बसवून दिला’ म्हणतो, सर्व्हिस चार्ज घेतो आणि जातो.

मॅनेजर म्हणाले, “अहो, रोजचा बॅकअप आहे की. कालचा चढवा.” चढवला. बिघडलेलं पान त्यातही जसंच्या तसं. साधा बॅकअप पानावरची चेकसम तपासत नाही, जे आहे ते उचलून ठेवतो. तपासावी असं वाटत असेल तर आदेशात एक शब्द जास्त लिहावा लागतो, तो बॅच फाइलमध्ये नव्हता. परवाचा घेतला, त्यात तेच. पेन ड्राइव्हवर सातच दिवसांच्या प्रती राहत होत्या आणि जुन्या आपोआप पुसल्या जात होत्या, जागा वाचावी म्हणून. बिघाड दिवाळीचा, आम्ही बसलो होतो फेब्रुवारीत. रजिस्टरमध्ये मात्र एकही सही चुकलेली नव्हती.

संस्था वाचली ती आदल्या वर्षाच्या ३१ मार्चच्या प्रतीने. लेखापरीक्षकांना दाखवायला लागेल म्हणून मॅनेजरांनी ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून तिजोरीत ठेवली होती. बिघडलेल्या पानावरचे व्यवहार त्याच्याही आधीच्या ऑगस्टचे होते. ती प्रत दुसऱ्या संगणकावर चढवली, चेकडीबी स्वच्छ निघाला. मग चालू डेटाबेसची एक नक्कल करून रिपेअर त्या नकलेवर चालवला, कोणत्या व्हाउचरच्या नोंदी गळतात ते दोन्ही तक्ते शेजारी ठेवून काढलं आणि तेवढ्या नोंदी मार्चच्या प्रतीतून आणून भरल्या. शेवटी त्या व्हाउचरचे कागद बाडातून काढून मॅनेजरांनी एकेक पडताळला. डिस्क बदलली. म्हणजे लेखापरीक्षणाच्या धाकाने काढलेली एक प्रत खरी कामाला आली. तो धाक थोडा नेमका करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

बॅकअप फसण्याच्या आणखी तऱ्हा आहेत. एका संस्थेत रोजचा बॅकअप एकाच फाइलमध्ये एकावर एक जोडला जात होता. एसक्यूएल सर्व्हर वेगळं सांगितलं नाही तर असंच करतो. आणि रिस्टोअर करताना कोणता संच हवा ते सांगितलं नाही तर त्या फाइलमधला पहिला, म्हणजे सर्वांत जुना घेतो. घाईत कोणी कालच्या डेटाबेसवर असा रिस्टोअर मारला तर काही वर्षांपूर्वीची संस्था पडद्यावर उभी राहते. दुसऱ्या एका ठिकाणी देखभालीचं काम रात्री दोन वाजता लावलं होतं आणि शिपाई साडेसातला मेन स्विच पाडून घरी जात होता. ते काम कधी चाललंच नाही. चाललं नाही म्हणून चुकलंही नाही, आणि चुकलं नाही म्हणून कुठे एररही नाही. तिसरीकडे लॉग फाइल फुगून डिस्क भरली. लॉगचा वेगळा बॅकअप घ्यायचा असतो हे कोणाला माहीत नव्हतं. तेव्हा कोणा हुशाराने सर्व्हिस बंद करून ती लॉग फाइलच डिलीट केली. पुढचं लिहीत नाही.

हे खेड्यातलं अडाणीपण आहे, असं कोणी म्हणेल म्हणून बाहेरचं एक उदाहरण देतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम ठेवतात तिथे, एका इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटाचं फोल्डर पुसायचा आदेश दिला. तीनशे जीबीपैकी साडेचार जीबी उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बॅकअपकडे वळले तर ठरलेल्या जागी काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारं साधन चालत होतं ९.२ चं, त्यामुळे ते दरवेळी बंद पडत होतं. बंद पडल्याचे मेल जात होते, पण मेल-सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी एकाने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत कामी आली आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्या कंपनीने स्वतः जाहीर लिहून ठेवलं. रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय बॅकअप असतो हे धरून चालायचं नाही, हा धडा त्यांनी सगळ्यांसमोर घेतला. आपल्याकडे असं घडलं तर संचालक मंडळाच्या इतिवृत्तात ‘तांत्रिक अडचण’ एवढं येतं.

आता आपण काय करावं. आधी काय करू नये ते सांगतो. ‘सर्व संस्थांनी नवं सॉफ्टवेअर घ्यावं’ किंवा ‘सर्वांनी क्लाउडवर जावं’ असं परिपत्रक कृपा करून काढू नका. ते निघालं तर विक्रेत्यांची दिवाळी होईल आणि बिघडलेली पानं नव्या सर्व्हरवर जातील, किंवा स्थलांतरात गुपचूप गळतील. शिवाय जुनं दप्तर एका उडीत नव्यावर जातंच असं नाही. २००० च्या आवृत्तीतला बॅकअप २०१२ किंवा त्यापुढचा सर्व्हर घेतच नाही, मधल्या एखाद्या आवृत्तीवर आधी चढवून मग पुढे न्यावा लागतो. जुन्या वादातली खाती उघडायची वेळ येईल तेव्हा ती मधली आवृत्ती कोणाकडे असेल, हा प्रश्न आजच विचारण्यासारखा आहे.

मागायचं ते साधं आहे. लेखापरीक्षकांनी आल्या दिवशी बॅकअपची कोणतीही एक तारीख स्वतः निवडावी. त्या तारखेचा बॅकअप संस्थेच्याच दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून मागावा. एक्स्प्रेस आवृत्ती फुकट आहे, तेव्हा खर्च शून्य. दुसरा संगणकही संस्थेचाच हवा, सॉफ्टवेअरवाल्याचा लॅपटॉप नको, कारण सभासदांची माहिती बाहेर जायला नको. त्यावर चेकडीबी चालवून अहवालाची प्रिंट फाइलला लावावी. मग रिस्टोअर केलेल्या प्रतीतून त्या दिवसाची तेरीज आणि सभासदवार बाकीची यादी काढावी आणि त्या दिवशी छापून सही केलेल्या कागदाशी ताडून पाहावी. तेरीज ताडायला संगणकतज्ज्ञ लागत नाही, ते तर आपल्या लेखापरीक्षकांचं रोजचं काम. निवडलेल्या तारखेचा बॅकअप सापडलाच नाही, तर तोही निष्कर्षच. बॅकअप तपासायला हा एकच खात्रीचा मार्ग आहे. सर्व्हरमध्ये बॅकअपची नुसती पडताळणी करणारा आदेश आहे, पण तो फाइल पूर्ण आणि वाचनीय आहे का एवढंच पाहतो. साध्या बॅकअपमधलं पान बिघडलेलं आहे का, हे तो सांगत नाही. त्याच्या प्रिंटवर समाधान मानू नये.

दोन गोष्टी याला जोडून. रिपेअर अलाव डेटा लॉस चालवायचा झाला तर आधी संचालक मंडळाचा ठराव आणि डेटाबेसची सीलबंद प्रत, याशिवाय नाही. आणि डेटाबेसचा मुख्य पासवर्ड. बऱ्याच संस्थांत तो फक्त सॉफ्टवेअरवाल्याकडे असतो आणि एएमसीवरून वाद झाला की संस्थेला स्वतःच्याच दप्तराला हात लावता येत नाही. तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे, हे लेखापरीक्षक विचारतात. तसाच हा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत आहे का, हेही विचारलं जावं. विक्रेते कुरकुर करतील. करू देत, दप्तर संस्थेचं आहे.

विरोध कुठून येईल याची मला कल्पना आहे. लेखापरीक्षक म्हणतील, आधीच वेळ नाही. खरं आहे. पण या संस्थांकडच्या जुन्या एक्स्प्रेस आवृत्त्यांत डेटाबेस मोठ्यात मोठा दहा जीबीचा असतो, २००५ आणि २००८ च्या आवृत्त्यांत तर चारच. एवढा डेटाबेस रिस्टोअर करणं आणि त्यावर चेकडीबी चालवणं दुपारच्या जेवणापर्यंत आटोपतं. रोख मोजायला याहून जास्त वेळ जातो, आणि ती आपण न चुकता मोजतोच.

पुढच्या वर्षाच्या लेखापरीक्षण नमुन्यात ‘बॅकअप घेतला जातो काय?’ हा रकाना असेल, तर त्याखाली ‘रिस्टोअर केल्याची तारीख, चेकडीबीचा निकाल, तेरीज जुळली/न जुळली’ एवढी एक ओळ वाढवावी, ही विनंती. तोपर्यंत हे पत्र वाचणाऱ्या मॅनेजरांना आणि संचालकांना सांगणं एकच : परिपत्रकाची वाट पाहू नका, या शनिवारी एक बॅकअप चढवून पाहा.

आपला,
पतसंस्थांच्या डेटाबेसची दुरुस्ती करणारा एक तंत्रज्ञ